नवापूर परिसरातील खाडी नौकानयन

नवापूर परिसरातील खाडी नौकानयन म्हणजे पालघर जिल्ह्यात तारापूर व सातपाटी यांच्या दरम्यानच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या आधारे चालणारी होड्यांची ये-जा होय. मांगेला मच्छीमारांची वस्ती असलेल्या या गावांत पूर्वी ती शिडावर चाले. आता बहुतेक होड्यांना इंजिन असते, तरी निघण्याची वेळ पाणीच ठरवते.

भरती दिवसातून साधारणपणे दोनदा येते व रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा होते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असल्याने पाणी कमी चढते. ओहोटीला उथळ खाड्यांचा बराच भाग चिखल उघडा पडून कोरडा होतो. वेळ चुकलेली होडी पुढच्या भरतीपर्यंत रुतून राहते. शिडाच्या काळात पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडून दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतत असत. वारा व पाणी दोन्ही अनुकूल असण्याचा योग मात्र रोजचा नव्हे.

तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी वाहिनीद्वारे नवापूर येथे समुद्रात सोडले जाते. खाड्यांच्या व किनाऱ्याच्या प्रदूषणाविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०२२ मध्ये लवादाने संबंधित उद्योगांनी पर्यावरणीय भरपाई द्यावी असा आदेश दिला.