खापरखवल्यांच्या एका घराण्याची कुळकथा

मुळा-मुठा आणि भीमा यांच्या मधल्या राहू बेटात नाग, घोणस, मण्यार, धामण आणि कालव्याकाठची दिवड उसाला पाणी धरणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाची असते; परंतु या नद्यांना पाणी पुरविणाऱ्या त्याच सह्याद्रीत, खाली दक्षिणेकडील ओल्या अरण्यांच्या मातीत, खापरखवल्या सापांच्या गोतातील मेलॅनोफिडियम ही जी प्रजाती नांदते, तिची वस्ती हिंदुस्थानाच्या सरहद्दीबाहेर जगाच्या पाठीवर कोठेही नाही.

तिची पहिली नोंद मद्रास इलाख्याच्या जंगलखात्यातील लष्करी अंमलदार रिचर्ड हेन्री बेडोम याने वायनाडातील सापावरून १८६३ साली केली, आणि पुढच्याच वर्षी आल्बर्ट ग्युंथरने तिला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला. १८७० व १८७१ साली बेडोमने आणखी दोन जाती दाखल केल्यानंतर हे दफ्तर जवळजवळ दीड शतक तसेच राहिले. दक्षिण महाराष्ट्र व गोव्याकडील साप ‘पंक्टॅटम’ या जुन्या जातीच्याच नावावर चढत असे. डेव्हिड गोवर, वरद गिरी, अशोक कॅप्टन आणि मार्क विल्किन्सन यांनी नमुन्यांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा ती चौथी जाती ठरली आणि २०१६ साली तिला पुण्याच्या कात्रज सर्पोद्यानाचे संस्थापक नीलिमकुमार खैरे यांच्या गौरवार्थ ‘खैरेई’ हे नाव मिळाले. सापांविषयी लोकांच्या मनातील भय घालविण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांचे नाव अशा निरुपद्रवी, बिनविषारी जिवास लाभावे, हे सर्वथा उचित होय.

तुकतुकीत काळ्या अंगाच्या या सापाचे डोके निमुळते असते. खापरखवल्यांच्या गोतात मानेकडचे स्नायू बळकट असून कातडीच्या आत पाठीचा कणा नागमोडी वळतो. त्या वळणांनी फुगलेले अंग बिळाच्या भिंतींना घट्ट टेकते आणि त्या आधारावर डोके पुढची माती रेटते. गांडुळे हे यांचे मुख्य अन्न.

पावसाने मऊ राहिलेल्या मातीसाठीच असे शरीर घडले आहे. उन्हाळ्यात भेगाळणारी राहू बेटाकडील दौंड-शिरूरची काळी जमीन ओलांडणे या प्राण्यास शक्य नाही. म्हणूनच जेथे त्याचे अरण्य तुटेल, तेथून स्थलांतर करून तो अन्यत्र संसार थाटील, ही आशा व्यर्थ आहे. त्याचे रक्षण म्हणजे त्या ओल्या मातीचे आणि तिच्यावर सावली धरणाऱ्या झाडांचे रक्षण, आणि ही जबाबदारी दुसऱ्या कोणत्याही देशावर टाकता येणार नाही.