मुंबईच्या मोटारी आणि वळणावळणाच्या शर्यती

बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटारीत थोडे फेरफार करून ती शर्यतीत उतरवायची, ही स्टॉक कार शर्यतीची मूळ कल्पना. अमेरिकेत १९४८ साली स्थापन झालेल्या नॅस्कार या संघटनेने ही शर्यत मुख्यतः लंबगोल ट्रॅकवर वाढवली. उजवी-डावी वळणे आणि चढउतार असलेला ‘रोड कोर्स’ तिथे कमी वेळा वापरला जातो. भारतात लंबगोल मोटार ट्रॅक रुजलेच नाहीत. इथल्या मोटारी सुरुवातीला रस्त्यावर धावल्या, नाहीतर विमानाच्या धावपट्टीवर.

मुंबईचा या इतिहासाशी संबंध आला तो रस्त्यामुळे. १९०४ साली मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडियाने दिल्ली ते मुंबई मोटारींची चाचणी घेतली. तिचा रोख वेगापेक्षा गाडीच्या टिकाऊपणावर होता. शहरात अशा स्पर्धेला वाव नव्हता. गिरगावातली खोताची वाडी किंवा तिच्या आसपासच्या वाड्या मोटारीच्या आधीच वसलेल्या. माणूस पायी जाईल एवढ्याच त्यांच्या गल्ल्या.

१९६८ साली लंडन-सिडनी मॅरेथॉन ही लांब पल्ल्याची मोटार शर्यत मुंबईमार्गे गेली. लंडनहून निघालेल्या ९८ मोटारींपैकी ७२ मुंबईला पोहोचल्या आणि ‘चुसान’ जहाजातून ऑस्ट्रेलियाला रवाना झाल्या. शर्यत जिंकली ती अँड्र्यू कोवन यांच्या हिलमन हंटरने. साध्या कौटुंबिक गाडीची खरी परीक्षा लांब रस्त्यावर होते, हा रस्त्यावरच्या शर्यतीचा गुण तिथे दिसला. दोषही त्याच शर्यतीत उघड झाला. आघाडीवर असलेल्या लुसियाँ बियाँकी यांच्या सित्रोएनला शेवटच्या टप्प्यात शर्यतीबाहेरची एक मोटार समोरून येऊन धडकली आणि ते गंभीर जखमी झाले. वापरातला रस्ता पूर्णपणे ताब्यात ठेवणे आयोजकांच्या हाती नसते.

बंदिस्त ट्रॅकवरच्या शर्यतींचे केंद्र मद्रासजवळचे शोलावरम ठरले. तिथल्या जुन्या धावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब शर्यती भरवत असे. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट तिथल्या सलून (बंद छताच्या प्रवासी मोटारींच्या) गटात उतरे. मुंबईत टॅक्सी म्हणून वावरणाऱ्या या गाडीला स्टिअरिंगजवळचा गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. सरळ पट्ट्यानंतर तीव्र वळण आले की ड्रम तापत आणि ब्रेकची पकड सैल पडे. त्यामुळे नुसते इंजिन वाढवून भागत नसे. ब्रेक, सस्पेन्शन आणि टायर यांवरही मेहनत घ्यावी लागे. १९९० साली मद्रासजवळच इरुंगट्टुकोट्टईचा कायमस्वरूपी ट्रॅक सुरू झाला. २०१० साली चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन पोलोची स्वतंत्र मालिका सुरू झाली. सर्व स्पर्धकांना सारखीच गाडी मिळाल्याने निकाल चालकाच्या कौशल्यावर अधिक अवलंबून राहू लागला.

वळणांच्या ट्रॅकचे दोष मुख्यतः प्रेक्षकाला आणि आयोजकाला जाणवतात. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर स्टँडमध्ये बसून घोड्यांची अख्खी फेरी दिसते. लंबगोल मोटार ट्रॅकवरही तसेच. रोड कोर्सवर मात्र एका जागेवरून एक-दोन वळणेच दिसतात. जड गाड्यांना पुढे निघायला जागा कमी मिळते, आणि प्रत्येक धोकादायक वळणावर झेंडे दाखवणारे मार्शल व बचावपथक ठेवावे लागते. शहरातले रस्ते बंद करून शर्यत घेतली, तर वाहतुकीचा खोळंबा होतो आणि तात्पुरत्या कठड्यांचा खर्चही सोसावा लागतो.

फायदे मात्र जास्त मूलभूत आहेत. ब्रेक लावणे, गिअर बदलणे, दोन्ही दिशांची वळणे घेणे ही रोजच्या गाडीचीच कामे. नॅस्कारच्या वेगवान लंबगोल ट्रॅकवर पाऊस आला की शर्यत थांबते. रोड कोर्सवर पावसाळी टायर चढवून ती सुरू ठेवता येते. पावसाळी देशात हा गुण मोठा. म्हणून बाजारातल्या गाड्यांच्या शर्यतीसाठी वळणांचा, पण बंदिस्त ट्रॅकच सर्वांत योग्य. मुंबईच्या वर्दळीच्या रस्त्यांवर ती भरवू नये.