जमिनीलगतचे जग : महाराष्ट्रातील वस्तुसंग्रहालये आणि मराठी घराच्या गृहसाहित्याचा इतिहास

प्रस्तावना

राजवंश, लढाया आणि तह यांच्या इतिहासासाठी कागदपत्रे हे मुख्य साधन मानले जाते. माणसे घरात कशी बसत, कशी जेवत, वस्तू कोठे ठेवत, कोणत्या उजेडात वावरत, या प्रश्नांची उत्तरे मात्र कागदांपेक्षा वस्तूंमध्ये अधिक सापडतात. त्या दृष्टीने वस्तुसंग्रहालयातील गृहसाहित्य व शोभिवंत कला यांची दालने ही सामाजिक इतिहासाची मोलाची साधने ठरतात. परंतु या दालनांची मांडणी ज्या वर्गीकरणावर आधारलेली आहे, ते प्रामुख्याने युरोपीय घराच्या अनुभवातून आलेले आहे. मराठी घर या वर्गीकरणात पूर्णपणे बसत नाही. ते का बसत नाही आणि त्यामुळे कोणता इतिहास आपल्या नजरेतून सुटतो, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दांची साक्ष

मराठीत 'फर्निचर' या शब्दाला रुळलेला देशी पर्याय नाही, ही बाब अर्थपूर्ण आहे. 'खुर्ची' हा शब्द मूळ अरबी 'कुर्सी'वरून फारसीमार्गे आला, 'अलमारी' पोर्तुगीजांकडून आणि 'टेबल' इंग्रजीतून आले. 'कपाट' हा शब्द संस्कृत असला तरी त्याचा मूळ अर्थ दाराची फळी असा आहे. याउलट पाट, चौरंग, पलंग, झोपाळा, देव्हारा हे शब्द येथील भाषेत जुने आहेत. लोड आणि तक्क्या यांचीही बैठकीच्या शब्दसंग्रहात दीर्घकाळ वस्ती आहे. उंच बसण्याची व उभे राहून वापरण्याची साधने बहुतांशी परक्या शब्दांनी ओळखली जातात, तर जमिनीलगतच्या साधनांना घरचे शब्द आहेत. पारंपरिक मराठी घराचे केंद्र जमीन हेच होते, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.

या निष्कर्षाला चित्राचा आधारही मिळतो. चार्ल्स मॅलेट आणि सवाई माधवराव पेशवे यांच्यात १७९० मध्ये झालेल्या तहाच्या दरबाराचे तैलचित्र थॉमस डॅनियल याने १८०५ मध्ये पूर्ण केले. जेम्स वेल्स याने पुण्यात केलेली रेखाटने त्याच्या मुळाशी होती. वेल्सचा मृत्यू १७९५ मध्ये झाला. आज लंडनच्या टेट संग्रहालयात असलेल्या या चित्रात शनिवारवाड्यातील गणेश दरबार दिसतो. भव्य खांब आणि महिरपी असूनही दालन खुर्च्या-मेजांनी भरलेले नाही. दरबारी मंडळी बैठकीवर बसली आहेत आणि इंग्रज पाहुण्यांनाही तीच रीत पाळावी लागली आहे. प्रतिष्ठेची उतरंड आसनाच्या उंचीपेक्षा गादीपासूनच्या अंतरावरून ठरत होती. शनिवारवाड्याचा मोठा भाग १८२८ च्या आगीत नष्ट झाल्याने अशा चित्राचे साधनमूल्य अधिकच वाढते.

भिंतीत सामावलेले गृहसाहित्य

वाड्यात सामान कमी होते, असे वरील विवेचनावरून वाटण्याचा संभव आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. सुट्या साधनांचे पुष्कळसे काम वास्तूच करीत असे. कोनाडा, देवळी, फडताळ, खुंटी, धान्य साठविण्याचे बळद, वर माळा, अंगणाकडेला ओटी व सोपा या साऱ्यांचा विचार केल्यास कपाट, दिवठाण, कोठार आणि बाक यांची कार्ये भिंतींनी व जोत्यांनी स्वीकारलेली दिसतात. सुरूच्या आकाराचे खांब, केळफुलाची नक्षी आणि लाकडी महिरपी ही या घराची शोभा होती. तीही वास्तूचाच भाग होती.

संग्रहालय मात्र स्वभावतः उचलून नेता येणारी वस्तू गोळा करते. समई काचपेटीत येते, तिचा कोनाडा येत नाही. म्हणूनच वास्तूचे भाग संग्रहालयात आल्याची उदाहरणे विशेष अभ्यसनीय ठरतात. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हे त्यांपैकी एक होय. जॉर्ज विटेट याने आराखडा केलेली ही इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली आणि १९२२ मध्ये संग्रहालय जनतेसाठी खुले झाले. नाशिकच्या एका वाड्यातील कोरीव लाकडी खांब व महिरपी विकत घेऊन विटेटने मध्यवर्ती दालनात वर्तुळाकार बसविल्या. संग्रहातील वस्तू पाहण्याच्या घाईत असलेल्या प्रेक्षकाला आपण एका मराठी वाड्याच्या अवशेषाखाली उभे आहोत, याची जाणीव क्वचितच होते. वाड्याचा हा भाग वाचला, परंतु चौकोनी चौकाचे लाकूड घुमटाखालच्या वर्तुळात गेल्याने त्याचा मूळ अर्थ बदलला.

केळकर संग्रहालय : हाताजवळची कला

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाची दृष्टी वेगळी आहे. 'अज्ञातवासी' या नावाने काव्यलेखन करणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी दिवंगत बालपुत्र राजा याच्या स्मरणार्थ हा संग्रह उभारला आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द केला. वीस हजारांहून अधिक वस्तूंच्या या संग्रहात दिवे, अडकित्ते, वज्र्या, कुलुपे, पानदाने, दरवाजे, वाद्ये यांना मानाचे स्थान आहे. कोथरूडच्या मस्तानी महालाच्या अवशेषांची पुनर्रचनाही येथे पाहावयास मिळते.

अडकित्त्याच्या मुठीवर पक्षी किंवा घोडा, पाय घासण्याच्या वज्रीवर मानवाकृती, दिव्याच्या शिरोभागी मोर असे हे अलंकरण डोळ्यांच्या उंचीवर टांगलेले नाही. ते हाताच्या पकडीत, मांडीजवळ, तेलाच्या मंद उजेडात असे. जमिनीवर बसणाऱ्या समाजाने आपली शोभिवंत कला हाताजवळ आणली, असे म्हणता येईल. फणेरपेटीचे उदाहरणही असेच बोलके आहे. झाकण उघडताच आतील आरसा बसलेल्या स्त्रीच्या चेहऱ्यासमोर येतो आणि खालच्या कप्प्यांत कुंकू, मेण, फणी असते. उभ्या प्रेक्षकासाठी काचेआड ठेवल्यास ती केवळ एक पेटी उरते. बसलेल्या स्त्रीचे शरीर गृहीत धरल्याशिवाय तिची रचना उलगडत नाही. माजघरातील स्त्रियांनी स्वतःविषयी लिहिलेले कागद अल्प असल्याने अशा वस्तूंची साक्ष इतिहासकाराला टाळता येणार नाही.

संक्रमणाचा पुरावा

एकोणिसाव्या शतकात या जमिनीलगतच्या जगावर उंच आसनांचे अतिक्रमण सुरू झाले. मुंबईत शिसवी लाकडाचे, दाट कोरीव काम केलेले सोफे, खुर्च्या आणि गोल मेजे घडविली जाऊ लागली. त्यांचा आकार युरोपीय, तर पानाफुलांची व पशुपक्ष्यांची नक्षी एतद्देशीय होती. इंग्रज अधिकारी आणि सधन पारशी कुटुंबे हे त्यांचे प्रमुख ग्राहक होत. १८७२ मध्ये खुले झालेले आणि पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले गेलेले भायखळ्याचे संग्रहालय याच काळातील औद्योगिक कलांच्या आस्थेतून उभे राहिले. पाट आणि खुर्ची यांतील फरक केवळ सोयीचा नव्हता. पाटाशी पंक्ती, सोवळे आणि जातिभेद निगडित होते. खुर्चीबरोबर कचेरी, शाळा आणि नवी प्रतिष्ठा आली. गृहसाहित्यातील हा बदल म्हणजे सामाजिक संबंधांतील बदलाचाही आलेख आहे.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, दालनातील नामफलकांवर शतक आणि धातू यांबरोबरच वस्तू कोणी, कोणत्या खोलीत, कोणत्या उंचीवर वापरली याची नोंद असावी. दोन, सुतार, तांबट, कासार या कारागीर समाजांचे ज्ञान आजही जिवंत आहे, तेथवर ते त्यांच्याच शब्दांत नोंदविले जावे. तीन, आणि हे सर्वांत निकडीचे, पाडल्या जाणाऱ्या वाड्यांतील कोनाडे, फडताळे, बळदे यांची मोजमापे व छायाचित्रे वेळीच घेतली जावीत. १९६१ च्या पानशेत पुराने पुण्यातील अनेक वाडे नेले. उरलेल्यांपैकी कित्येक पुनर्बांधणीत नाहीसे झाले आणि होत आहेत. हे काम संग्रहालये एकट्याने करू शकणार नाहीत. गावोगावच्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांना मात्र ते विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून सहज हाती घेता येईल. समई विकत घेऊन जपता येते. ती जेथे तेवत होती तो कोनाडा भिंतीबरोबर कोसळतो, आणि त्याची नोंद नसेल तर त्या समईचा निम्मा इतिहासही त्याबरोबर जातो.