लोपामुद्रेचा प्रश्न

तरुण वयातील प्रेम हे खरे प्रेम असते, की निव्वळ देहाचे आकर्षण? मुलगा वा मुलगी कॉलेजात जाऊ लागली की हा प्रश्न आपल्या घराघरांत दबक्या आवाजात चर्चिला जातो. आपण त्याचा दोष चित्रपटांना देऊन मोकळे होतो. वस्तुतः प्रश्न फार प्राचीन आहे. त्याचा माग काढीत आपण प्रथम अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, अकोल्यास जाऊ.

रतनगडावर उगम पावलेल्या प्रवरेच्या काठी अकोल्यात अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. अगस्तींची स्थाने भारतात इतरत्रही दाखविली जातात; अकोल्याचे नाते श्रद्धेचे आहे. परंतु अगस्ती आणि त्यांची पत्नी लोपामुद्रा यांचा संवाद ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १७९ व्या सूक्तात आजही वाचावयास मिळतो.

सूक्त अवघ्या सहा ऋचांचे आहे. कष्टात कित्येक वर्षे सरली, वार्धक्य देहाची शोभा हिरावून नेते. मग पतीने पत्नीजवळ का येऊ नये, असे लोपामुद्रा विचारते. अगस्ती तिचा धिक्कार करीत नाहीत. आपले श्रम व्यर्थ गेलेले नाहीत, दोघे मिळून आपण जिंकू, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. अखेरीस ऋषींनी दोहोंचे पोषण केले असे म्हटले आहे. ही दोन म्हणजे काम आणि तप, असा अर्थ भाष्यकारांनी लावला. महाभारताच्या वनपर्वात हीच लोपामुद्रा विदर्भाची राजकन्या आहे. विवाहानंतर ती राजवस्त्रे उतरवून वल्कले नेसते, पतीबरोबर तप करते. पुढे सहस्र पुत्र हवेत की सहस्रांच्या तोडीचा एक, असे पतीने विचारता ती एकच गुणवान पुत्र मागते. येथे देहाची ओढ आहेच. पण तिच्या सोबतीला त्याग आहे, विवेक आहे.

प्रवरा पुढे गोदावरीस मिळते. त्याच गोदाकाठच्या तरुण मनांची स्पंदने सातवाहन राजा हालाच्या नावे असलेल्या ‘गाथासप्तशती’ या महाराष्ट्री प्राकृत संग्रहात उमटली आहेत. म्हणजे आपल्या पूर्वजांनाही यौवनाची ओढ ठाऊक होती आणि ती शब्दांत मांडण्याचा त्यांना संकोच वाटला नाही.

आपले पवित्र शास्त्रही याविषयी मौन पाळीत नाही. ‘गीतरत्न’ हा प्रीतीचाच ग्रंथ आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाला राहेलचे रूप आवडते, हे शास्त्र लपवीत नाही; पण तिच्यासाठी त्याने केलेली सात वर्षांची चाकरी त्याला थोड्या दिवसांसारखी वाटली, हेही सांगते. आरंभ रूपाने झाला, कसोटी प्रतीक्षेने लागली.

ख्रिस्तसभेचा इतिहासही येथे बोधप्रद आहे. आईवडिलांच्या संमतीवाचून झालेले तरुणांचे विवाह रद्दबातल ठरवावेत, अशी मागणी ट्रेंटच्या परिषदेपुढे आली होती. १५६३ साली परिषदेने असे विवाह निंद्य मानले, तरी ती मागणी स्वीकारली नाही. मात्र विवाह धर्मगुरू आणि साक्षीदार यांच्यासमोरच व्हावा, असा दंडक घातला. वधूवरांची मुक्त संमती हा विवाहाचा प्राण राहिला. चोरून दिलेली वचने मात्र पुरेशी राहिली नाहीत. पुढे २००५ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी आपल्या पहिल्या परिपत्रकात सांगितले, की आकर्षणमूलक प्रेम आणि आत्मदानाचे प्रेम यांची पूर्ण फारकत करता येत नाही. पहिल्यास शुद्धीची व संयमाची गरज असते.

तेव्हा ‘खरे की शारीरिक’ ही विभागणीच अपुरी आहे. अंकुराला आपण खोटा म्हणत नाही, आणि त्याला पीकही समजत नाही. आपल्या मुलामुलींनी मन मोकळे केले, तर हसण्याऐवजी वा रागावण्याऐवजी आपण एवढेच विचारावे: तू तिच्यासाठी थांबशील का? तिच्या शिक्षणाचा, तिच्या नकाराचाही मान राखशील का? चारचौघांसमोर तिचा हात धरण्याची जबाबदारी घेशील का? मुलीलाही हेच विचारावे. या प्रश्नांची उत्तरे त्यांना काळच देईल. पण ते विचारण्याइतका विश्वास घरात असणे, हे आपले काम आहे.