हरून अँड द सी ऑफ स्टोरीज

'हरून अँड द सी ऑफ स्टोरीज' ही मुंबईत जन्मलेले लेखक सलमान रश्दी (जन्म : १९ जून १९४७) यांची इंग्रजी अद्भुतरम्य कादंबरी असून ती १९९० साली प्रसिद्ध झाली. कथाकथनाची शक्ती गमावलेल्या वडिलांसाठी कथासागराच्या शोधात निघालेला मुलगा हा तिचा नायक आहे. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी इराणचे धर्मनेते आयातुल्ला खोमेनी यांनी फतवा काढल्यानंतर रश्दी अज्ञातवासात होते. त्या काळात त्यांनी आपला मुलगा जफर याच्यासाठी ही कादंबरी लिहिली. बोलण्यावरील बंदी हा तिचा विषय असणे स्वाभाविकच होते.

कथानक

स्वतःचे नावही विसरलेल्या एका दुःखी शहरात रशीद खलिफा हा प्रसिद्ध कथाकार राहतो. त्याची पत्नी सोराया शेजारच्या सेनगुप्ता नावाच्या कारकुनाबरोबर निघून जाते. सेनगुप्ताला कथांचा तिटकारा असतो. खऱ्या नसलेल्या गोष्टींचा उपयोग काय, हा त्याचाच प्रश्न हरून रागाच्या भरात वडिलांना विचारतो आणि त्यानंतर रशीदची वाणी आटते. आई अकरा वाजता गेलेली असल्याने हरूनचे चित्तही अकरा मिनिटांहून अधिक काळ एकाग्र होईनासे होते.

पुढे एका रात्री नौकागृहात इफ नावाचा जलजिन्न रशीदचा कथाजलाचा पुरवठा तोडण्यास येतो. हरून त्याचे हत्यार हिसकावून घेतो आणि 'कहानी' नावाच्या अदृश्य चंद्रावर नेण्यास त्याला भाग पाडतो. या चंद्राच्या एका बाजूस सदैव उजेड असलेले गप आणि दुसऱ्या बाजूस अंधारातील चुप हे राज्य आहे. चुपचा सत्ताधीश खत्तम-शुद कथासागरात विष कालवत असतो. त्याच्या लोकांनी गपची राजकन्या बातचीत हिचे अपहरण केलेले असते.

हरूनची निष्ठा

हरूनची पितृनिष्ठा पुराणातील श्रावणबाळासारखी निष्कलंक नाही. तिचे मूळ अपराधाच्या जाणिवेत आहे. वडिलांचा घात आपल्याच शब्दाने झाला, हे तो जाणतो. इच्छापूर्तीचे जल प्रथम प्राशन करतो तेव्हा वडिलांसाठी मागणे मागताना त्याच्या मनात आईचा विचार येतो आणि अकराव्या मिनिटाला इच्छा निष्फळ ठरते. हा प्रसंग कादंबरीच्या केंद्रस्थानी मानावा लागेल; येथे नायकाला शत्रूने नव्हे, स्वतःच्या दुःखाने हरवलेले असते. त्यानंतर सागराच्या विषारी दक्षिण भागात टेहळणीसाठी तो आपण होऊन पुढे येतो. तेथे दुसऱ्यांदा तेच जल पिऊन तो चंद्र फिरावा अशी इच्छा करतो आणि या वेळी त्याचे चित्त ढळत नाही. चुपवर ऊन पडताच शत्रूच्या सावल्या वितळून जातात.

साहाय्यक

हरूनला मदत करणाऱ्यांपैकी बहुतेक जण रशीदच्या कथांतूनच आलेले आहेत. त्यामुळे त्यांच्यावर विसंबणे म्हणजे वडिलांच्या गोष्टी खऱ्या मानणे होय. इफ आरंभी विरोधक असतो आणि मैत्री जडल्यावरही कुरकुर सोडत नाही. मनातले ओळखणारा यांत्रिक हुदहुद पक्षी बट्ट हा हरूनचे वाहन होतो. शत्रू त्याचा मेंदू काढून घेतात तेव्हा हरूनच तो पुन्हा बसवतो. येथे साहाय्य दोन्ही दिशांनी चालते. तरंगता माळी शत्रूच्या जहाजावरील विद्युतयंत्रांत आपल्या वेली गुंतवून ती बंद पाडतो. गुपी व बाघा या बोलक्या माशांची नावे सत्यजित राय यांच्या १९६९ च्या चित्रपटातून घेतली आहेत. मुद्रा हा चुपचा योद्धा मात्र शत्रुपक्षातून येतो आणि अभिनयाच्या, म्हणजे हस्तमुद्रांच्या, भाषेत बोलतो. सारेच मौन दुष्ट नसते, हे त्याच्यामुळे हरूनला उमगते.

याच निष्ठेचे मोठे रूप युद्धात दिसते. गपचे सैनिक प्रत्येक हुकमावर वाद घालतात. पण त्या मोकळ्या वादामुळेच ते एकदिलाने लढतात. चुपचे सैन्य मौनामुळे परस्परांविषयी संशयी झालेले असते आणि ते फुटते.

नावे

हरून व रशीद ही नावे मिळून बगदादचा खलिफा हारून अल-रशीद सूचित होतो. कथासागराची कल्पना अकराव्या शतकातील सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'ची आठवण करून देते. बहुतेक विशेषनामे हिंदुस्तानी असून रश्दींनी त्यांचे अर्थ पुस्तकाच्या शेवटी दिले आहेत. मराठी वाचकाला त्यांतील गप आणि चुप ही जोडी गमतीची वाटेल, कारण मराठीत 'गप्पा' आणि 'गप्प' या जवळजवळ सारख्या शब्दांतच दोन्ही राज्ये सामावतात.

रूपांतरे व पुढील भाग

लंडनच्या नॅशनल थिएटरने १९९८ साली या कादंबरीचे नाट्यरूप सादर केले. चार्ल्स वुओरिनेन यांनी संगीत दिलेला ऑपेरा २००४ साली न्यूयॉर्कमध्ये रंगमंचावर आला. 'लुका अँड द फायर ऑफ लाइफ' (२०१०) या पुढील कादंबरीत हरूनचा धाकटा भाऊ लुका वडिलांचा जीव वाचविण्यासाठी निघतो. त्याच्या सोबतीस 'अस्वल' नावाचा कुत्रा आणि 'कुत्रा' नावाचे अस्वल असते.