निसर्ग वादळ : आदले चोवीस तास

जून २०२०, श्रीवर्धन. आम्ही तयारी केली ती वाऱ्याला तोंड द्यायची. वारा ओसरल्यावरच्या दिवसांचा विचार घरात दोघींनीच केला होता. पुढच्या वादळाआधी कुणाच्या तरी उपयोगी पडावा, म्हणून हा घटनाक्रम.

मंगळवार २ जून, दुपारी १२
अरबी समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र खोलावत गेलं आणि त्याचं चक्रीवादळ झालं. नाव ‘निसर्ग’. गावात भोंगा फिरला : कच्च्या घरातल्यांनी शाळेत यावं. निर्जला एकादशी होती. आई स्वतः पाण्याचा थेंब न घेता कळश्या, पातेली, बादल्या भरत होती.

दुपारी ४
माडांच्या पेंडी उतरवल्या. पडवीचे पत्रे तारेने आवळले. खळ्यातली कुदळ, घमेली, मोकळी कौलं आत घेतली. मोकळी राहिलेली वस्तू वाऱ्यात दगडासारखी येते.

संध्याकाळी ६
आईने विचारलं, “पोहरा कुठे ठेवलास रे?” विहिरीवर पंप बसल्यापासून रहाट काढून टाकलेला. “आता पोहरा कशाला?” म्हणून मी मोबाइल चार्जिंगला लावायला गेलो.

रात्री ८
वहिनी आशा सेविका. तिने कामाची पिशवी जमिनीवर रिकामी केली आणि पुन्हा भरली : थर्मामीटर, ओआरएस, क्लोरीनच्या गोळ्या, मास्क, विजेरी, जादा सेल. मग फोनमधले नंबर एकेक करून वहीत उतरवले. गरोदर बायकांची यादी, प्रत्येकीची तारीख, घराची खूण. दिवस भरत आलेल्या दोघींना तिने रात्रीच रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे हलवायला लावलं.

“वहिनी, नंबर फोनमध्ये आहेतच की.”

“भावोजी, टॉवर पडला की फोनची नुसती विजेरी उरते.”

वही दुहेरी प्लास्टिकमध्ये गेली.

रात्री ११
रेशनकार्ड, सातबारा, पासबुकं पिठाच्या रिकाम्या डब्यात. घरात रोख फार नव्हती आणि काढायची वेळ टळून गेली होती.

बुधवार ३ जून, पहाटे
निसर्ग आता तीव्र चक्रीवादळ झालं होतं. पाऊस आडवा येऊ लागला.

सकाळी ९
वीज गेली. मेन स्विच पाडला. फ्रिजमधलं बाबांचं इन्सुलिन मडक्यात ठेवलं, मडकं परातीतल्या ओल्या वाळूत रोवलं आणि वर ओलं फडकं टाकलं. ही युक्तीही वहिनीचीच.

सकाळी ११
सगळे माजघरात, खिडक्यांपासून लांब. वाडीतल्या पोफळी जमिनीला टेकेपर्यंत वाकत होत्या.

दुपारी १२.३० ते २.३०
अलिबागच्या दक्षिणेला वादळ किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत १३० पर्यंत. कौलं पत्त्यांसारखी उडाली. मध्येच वारा पडला तर बाहेर पडायचं नाही, हे मुलांना पढवून ठेवलं होतं. वादळाचा डोळा डोक्यावरून जात असेल, तर तोच वारा उलट्या दिशेने परततो.

दुपारी ४
दार उघडलं. आजोबांनी लावलेली वाडी आडवी झाली होती. नव्या पोफळीला सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. विजेचे खांब रस्त्यावर, फोन मुके. वहिनी चिखल तुडवत पिशवी खांद्याला अडकवून निघाली. रस्त्याच्या खुणा पुसल्या होत्या, पण वहीत घरं होती.

त्यानंतर
रायगडातल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. वीज नाही म्हणून एटीएम बंद, नेटवर्क नाही म्हणून मोबाइलवरून पैसे देणंही बंद. घरात होती तेवढ्या रोखीवर दुकानातली खरेदी भागवली. भरलेली भांडी तिसऱ्या दिवशी संपली. विहीर काठोकाठ भरलेली आणि पंप मुका. आईने माळ्यावरून पितळी पोहरा काढला, नायलॉनची दोरी बांधली आणि आख्ख्या आळीने त्यावर पाणी भरलं.

आता दर मे महिन्यात मी त्या दोरीची गाठ ओढून पाहतो. वहिनी वहीतले नंबर नव्याने लिहिते.