नारू: शीर की किडा?

वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेलं की लेण्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख दिसतो. त्याची भाषा प्राकृत. लेख आपल्याला वाचता येत नाही, पण त्या भाषेची लेकरं रोज आपल्या तोंडी असतात. संस्कृतातल्या 'स्न'चा प्राकृतात 'ण्ह' होतो. म्हणून 'स्नान'चं 'ण्हाण' आणि पुढे मराठीत 'न्हाणं' झालं. याच वाटेने 'स्नायू'चा (जुन्या अर्थी शीर) पालीत 'न्हारु' झाला आणि मराठीत 'नारू', म्हणजे अंगातून दोऱ्यासारखा किडा निघण्याचा रोग.

रोगाला स्नायूचं नाव का मिळालं, हे नारू पाहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांगावं लागत नाही. पायावर फोड यायचा, पाण्यात पाय घातला की फुटायचा आणि त्यातून पांढरा दोरा डोकं काढायचा. दोन-तीन फुटांचा तो किडा काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. अंगातली शीरच सुटून आली, असं कुणालाही वाटावं. अरबांनाही तेच वाटलं: त्यांनी त्याला 'इर्क मदिनी' म्हटलं, म्हणजे मदिनेची शीर. आयुर्वेदाचे ग्रंथही त्याला 'स्नायुक' म्हणतात.

ओढताना सगळ्यांना एकच धास्ती असायची, नारू तुटायची. तुटला की त्याच्या पोटातला ऐवज मांसात सांडायचा, पाय भप्पकन सुजायचा आणि माणूस तापाने फणफणायचा. परक्या प्रथिनाला शरीर असं का पेटून उठतं, याचा एक धागा १९०३ साली मॉरिस आर्थस या शास्त्रज्ञाच्या सशांनी दाखवला. घोड्याच्या रक्तातला द्रव त्यांना पुन्हा पुन्हा टोचला, तेव्हा पहिल्या सुया पचल्या, पण पुढच्यांच्या जागी कातडी सुजली, कुजली. प्रतिपिंडं त्या प्रथिनाला चिकटतात, ती जोडगोळी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अडकते आणि धावून आलेल्या पांढऱ्या पेशी भिंतच खातात. जंतही रक्तवाहिन्यांना घाव घालतात: नारूच्या जातकुळीतला हृदयजंत प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांना दिला, तर त्यांच्या फुप्फुसधमन्यांचं आतलं अस्तर जाड नि खरबरीत होतं. जंत मेले की दाह आणखी भडकतो.

म्हणजे शीर किडा नव्हती, पण किड्याचे घाव सोसणारी मात्र होती. जुन्या लोकांनी दोघांना एकाच नावात बांधलं, ते डोळ्यांनी पाहून. मला ही नजर फार मोलाची वाटते.

भारतातला शेवटचा नारू १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. रोग गेला, शब्द उरला. आता शब्दकोशात त्यापुढे 'एक रोग' एवढीच नोंद करून थांबू नये. 'स्नायू' हे मूळही शेजारी लिहावं.